मामांच्या रॉडसाठी होल्डर

मामांचा खांदा मोडला तेव्हा मी अंगणात हिरडा वाळत घालत होते.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. आमचं घर घोडेगावहून तळेघरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, धरणाच्या पाण्याला लागून आहे. मागं भाताची खाचरं, पुढं दगडगोट्यांचा उतार, आणि उतार संपला की पाणी. मामांची फायबरची होडी तिथं एका जांभळीला बांधलेली असायची. माझे मालक चाकणला कंपनीत, सुट्टीपुरते घरी. एरवी आम्ही तिघंच.

दुपारच्याला पाण्याकडून दणका आला. पत्रे थरथरले, जांभळीवरचे बगळे एकदम उठले. तो आवाज आमच्या ओळखीचा होता. विहिरी फोडायचे सुरुंगाचे तोटे पाण्यात टाकून मासे मारणारी माणसं बाहेरून यायची. तोटा फुटला की त्या कोंडीतला, म्हणजे काठाच्या खोल वळणातला, लहानमोठा सगळा मासा पोट वर करून तरंगतो. हाती येईल तो पोत्यात भरायचा, बाकीचा कुजायला सोडायचा, अशी त्यांची रीत. मामा या माणसांचं नाव निघालं तरी थुंकायचे. सकाळपासून ते गळ टाकून होडीत बसले होते, आणि आता होडीचं तोंड त्या कोंडीकडं वळलेलं मला वरून दिसलं.

"मामा, नका जाऊ!" मी ओरडले. वाऱ्यानं आवाज माझ्याच तोंडावर परत आणला.

मामा म्हणजे आधी हात उचलणार आणि मग बोलणार. बैलावर उचलायचे, कुत्र्यावर उचलायचे, एकदा भर बाजारात एका व्यापाऱ्यावर उचलला होता. मी सुपातला हिरडा तसाच टाकला आणि धावत सुटले.

तीन माणसं गुडघाभर पाण्यात मासे वेचत होती. मामांनी होडी दगडाला लावली, वल्हं उचललं आणि चकार शब्द न बोलता जवळच्या माणसाच्या पाठीत घातलं. तो तोंडावर पाण्यात पडला. दुसऱ्याच्या एका कानात बाळी होती, अंगानं चांगला दांडगा. त्यानं वल्हं हवेतच धरलं, पिळून काढून घेतलं.

"म्हाताऱ्या, तुज्या बापाचं पानी हाय का रं हे?"

आणि तेच वल्हं त्यानं मामांच्या उजव्या खांद्यावर हाणलं. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. मामा खाली बसले, त्यानं परत हाणलं. पाण्यात पडलेला उठला होता, त्यानं लाथा घालायला सुरुवात केली. मी अजून वर होते. धावता धावता हाताला येईल तो दगड उचलून फेकत होते. एक बाळीवाल्याच्या कानशिलावर बसला. रक्ताची धार गळ्यापर्यंत आली. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं आणि दोन पावलं पुढं टाकली. माझ्या दोन्ही हातांत तोवर पाट्याएवढा धोंडा होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला असता. तसं मनात पक्कं झालं होतं, आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार.

तिसरा म्हणाला, "चल, बाई हाय, गाव गोळा करंल."

पोतं उचलून ते वर गेले. मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. मामा अर्धे पाण्यात, अर्धे चिखलात पडले होते. भोवती फुटलेल्या डोळ्यांचे मासे तरंगत होते. मी त्यांना उठवायला वाकले तर म्हणाले, "वल्हं घे आदी. वाहून चाललंय."

खांद्यात प्लेट घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हात छातीच्या वर जायचा नाही आणि पंजात पहिल्यासारखा जोर यायचा नाही. घोडेगावात तक्रार दिली, पण त्या तिघांचा माग लागला नाही. घरी आल्यावर मामांचा सगळा जोर रागात उतरला. ताट भिरकावलं, तांब्या भिंतीवर फोडला. आत्याबाई काही बोलायला गेल्या की तोंडाला येईल ते बोलायचे. मामांनी जन्मभर जाळं कधी लावलं नव्हतं. गळानं धरायचं, समोरासमोर ओढून काढायचं, हेच त्यांचं मासे मारणं. मालकांनी त्यांना रीळ लावलेले चांगले रॉड आणून दिले होते. आता ते रॉड पडवीत नुसते टांगलेले.

एक दिवस ते डाव्या हातानं रॉड धरून काठावर जाऊन बसले. मी कपडे धूत होते. मासा लागला. रॉडला झटका बसला आणि डाव्या पंजातून तो सटकला, दगडांवरून घासत पाण्यात गेला. मामा उठले, जांभळीपाशी गेले आणि आपला उजवा हात डाव्या हातानं धरून झाडाच्या बुंध्यावर आपटायला लागले. कोपराचं कातडं सोललं तरी थांबेनात. मी मागून कव घातली, तेव्हा कुठं थांबले.

"मामा," मी म्हटलं, "उद्यापास्नं मी येते होडीत. वल्ही मी मारते."

"आन रॉड कोन धरनार? तुजा बाप?"

"होल्डर धरंल."

मी फोनवर पाहिलं होतं. होडीच्या काठाला एक नळकांडं बसवतात, त्यात रॉडचा दांडा खोवतात. मासा लागला की रॉड तिथंच उभा राहतो. माणसानं फक्त रीळ फिरवायचं. रीळ फिरवण्याइतका मामांचा डावा हात तयार होता.

पहिला होल्डर मालकांनी पुण्याहून आणला. काळ्या प्लास्टिकचा, खाली शिकंजा, हातानं पिळायचा स्क्रू. दिसायला देखणा, वजनाला हलका. बसवायला काहीच लागलं नाही. मला तेव्हा तेच त्याचं मोठेपण वाटलं.

माझं माहेर पिंपळवंडीचं. तिथं पाणी म्हणजे विहीर नाहीतर कॅनॉल, होडी आम्ही लहानपणी चित्रातच पाहिलेली. वल्ही मारायला शिकताना तळहाताचं सालटं निघालं आणि मामांच्या शिव्या तर रोजच्याच. पण आठवडाभरात होडी सरळ जायला लागली. मग पेंडीचा गोळा गळाला लावून आम्ही जुन्या नदीच्या पात्रावर थांबलो. तिथं खोल आहे, तिथं मोठा कटला फिरतो.

तो लागला तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. रॉड एकदम कमानीसारखा वाकला आणि मामा ओरडले, "आला!" मामांची सवय रिळाचा ब्रेक घट्ट आवळून ठेवायची. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सुटायला जागाच नव्हती. सगळा ताण त्या काळ्या नळकांड्यावर आला. मी ते बघत होते, जवळून, कारण शिकंजा सैल झाला का हे पाहायला मी नेमकी वाकले होते. मानेपाशी एक पांढरी रेघ उमटली. प्लास्टिक तुटायच्या आधी पांढरं पडतं हे मला त्या दिवशी कळलं, पण कळून मागं व्हायला वेळ मिळाला नाही. नळकांडं काडकन तुटलं आणि रॉडचा दांडा माझ्या भुवईवर बसला.

मला पुढचं लाल दिसलं, मग काहीच दिसेना. मामा रॉडमागं झेपावले, तोही गेला. होडी नुसती गरगर फिरत होती.

"डोळा हाय का? पोरी, डोळा हाय का?" ते विचारत होते. डाव्या अंगठ्यानं माझी पापणी उचलत होते, आणि मला डोळा आहे हे त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं, कारण ते तोंड मला दिसत होतं.

भुवईला टाके पडले. घरी आलो तेव्हा शिकंज्याचा उरलेला तुकडा मामांच्या खिशात होता. आत्याबाईंनी तो काढून घेतला आणि पेटत्या चुलीत टाकला. घरभर काळा, घशात बसणारा धूर झाला.

"एकाचा खांदा गेला, आता हिचा डोळा घालवा," त्या म्हणाल्या. "मंग मला न्या होडीत. माजी मान ऱ्हायलीय."

मामा धुरात खोकत तसेच बसून राहिले.

मी थांबले नाही. का थांबले नाही, हे मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. मामांचा कळवळा होता हे खरं. पण भुवई ठणकत असताना मला त्या माशाचा राग येत होता आणि तो राग मला आवडत होता, हेही खरं.

दुसरा होल्डर माझ्या भावानं केला. पिंपळवंडीला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. द्राक्षांच्या मांडवाचे अँगल, ट्रॉलीचे हुक अशी कामं करतो. बिबट्याच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत शटर खाली ओढतो, म्हणून मी सकाळच्या एसटीनंच गेले. त्यानं माझी भुवई पाहिली आणि दात आवळले.

"ताई, मी असा करून देतो, हत्ती जरी लागला तरी मोडायचा न्हाई."

जाड लोखंडी पाइप, हातभर लांब. खाली पट्टी, पट्टीला चार बोल्ट. होडीच्या काठाला भोकं पाडून आम्ही तो असा आवळला की हलवायला गेलं तर होडीच हलावी. रॉडचा दांडा आत कोपराएवढा खोल जायचा. मामा खूश झाले. डाव्या हातानं पाइपावर थाप मारून म्हणाले, "ह्याला म्हंत्यात मर्द."

त्या दिवशी घाटाकडून वारा होता आणि पाण्यावर पांढऱ्या लाटा उठत होत्या. मासा लागला तो सरळ होडीखाली घुसला. रॉड पाइपच्या तोंडावर आडवा दाबला गेला. मी दांडा उपसायला गेले, पण तो पाइपात असा गच्च बसला होता की तसूभर वर येईना. मासा खाली खाली ओढत होता आणि काही तुटत नव्हतं, सुटत नव्हतं, वाकत नव्हतं. होडीचा तेवढा काठ पाण्याला टेकला आणि पाणी आत यायला लागलं.

"काप!" मामा ओरडले आणि उठून उभे राहिले. होडीत उभं राहायचं नसतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी कोयता घेतला. तंगूस काठाच्या खाली ताणलेलं, दिसतही नव्हतं. पहिला घाव पाइपावर बसून ठिणगी उडाली, हात खांद्यापर्यंत बधिर झाला. दुसरा काठात रुतला. तिसरा रॉडवरच बसला. रॉड फाटकन तुटला, होडीनं उलट्या बाजूला उसळी मारली आणि आम्ही दोघं पाण्यात गेलो.

वर आले तेव्हा मामा दिसले नाहीत. मग एक हात दिसला. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली. त्यांनी मला धरलं, पण धरलं ते बुडणारा माणूस धरतो तसं. माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खाली दाबून ते वर चढायला लागले. नाकातोंडात पाणी गेलं. त्यांचा गुडघा माझ्या बरगडीत बसला. मी वर आले की परत खाली ढकलली जात होते. मग मी सासऱ्यांच्या तोंडात मारली. एकदा मारून भागलं नाही, म्हणून मूठ वळून दुसऱ्यांदा मारली, नाकावर. त्यांची पकड सुटली. मी मागून मान धरली आणि होडीच्या काठाकडं पाय मारत राहिले.

होडी धरून पाय मारत किनाऱ्याला आलो तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त येत होतं आणि मला ओकारी होत होती. बराच वेळ दोघं दगडांवर पालथे पडून होतो.

"लई जोरात हानलीस," ते म्हणाले.

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडती कशाला? न्हाई हानली असती तर दोगं बी खाली व्हतो."

मग ते उठले, डाव्या हातात धोंडा घेतला आणि भावानं केलेला तो पाइप ठेचायला लागले. घावागणिक शिवी. काठाचं फायबर तडकलं, बोल्ट वाकले, पाइपाला मात्र काही झालं नाही. तो मोडत नव्हता, हेच तर त्याचं दुखणं होतं. प्लास्टिकवाला नको तेव्हा सुटला होता आणि हा पाहिजे तेव्हा सुटला नव्हता. दोन्हीमध्ये आम्ही मरता मरता वाचलो होतो.

यानंतर मालकांनी पाण्यात तरंगती ठेवणारी जाकिटं आणली आणि आत्याबाईंना शपथ घातली की जाकिटाशिवाय आम्हाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही. आत्याबाई मग रोज सकाळी दारात उभ्या राहून आमचे पट्टे ओढून बघायच्या. मामांचा पट्टा त्या जरा जास्तच ओढायच्या.

तिसऱ्या होल्डरला मी घाई केली नाही. पुण्यात एका दुकानात मालकांबरोबर गेले. दुकानदार एकेक खोका उघडत होता. मी प्रत्येक नळकांडं दोन्ही हातांनी पिळून बघत होते. त्याला ते आवडलं नाही. "मॅडम, ते काय पिळायला असतं का?" असं म्हणाला. मी त्याला भुवई दाखवली. मग त्यानं आतून स्टीलचा एक होल्डर आणला.

हा निराळा होता. नळकांडं आखूड, पुढून फटीसारखं उघडं, वर एक फिरती कडी. कडी लावली की रॉड पुढं किंवा बाजूला कितीही ओढला तरी निघत नव्हता. कडी फिरवून दांडा मागं कलता करून उचलला की एका हातानं बाहेर. आतून रबर, म्हणजे रॉड घासून चिरायचा नाही. बुडाशी दातऱ्यांची चकती होती, त्यामुळं तो पाहिजे त्या कोनात फिरवून आवळता यायचा. मी दुकानातच मालकांना रॉड ओढून धरायला लावला आणि एका हातानं काढून पाहिला. दहादा काढला असेल. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली.

पण होल्डर चांगला म्हणून भागत नाही, तो ज्यात रोवायचा ते चांगलं पाहिजे, हे आम्ही पाण्यात पडून शिकलो होतो. भावानं काठाच्या खालून लावायला वीतभर रुंद स्टीलची पट्टी कापून दिली, म्हणजे बोल्टचा ताण एका भोकावर न येता सगळ्या काठावर पसरतो. मामा म्हणाले, "होडीला लावायच्या आदी बैलाला लावा."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, जाड फळी बांधली, फळीवर पट्टीसकट होल्डर आवळला, रॉडच्या जागी बांबू खोवला आणि बांबूच्या टोकाला दोर बांधून तो बैलाच्या जुवाला जोडला. मामांनी बैलाच्या पाठीत काठी घातली. बैलानं हिसका मारला, बांबू कडाडला. परत काठी घातली. बैल बिथरला, मान खाली घालून त्यानं अशी धाव घेतली की बांबू मधोमध चिरफाळला आणि बैल दोर फरफटवत अंगणातून गेला. आत्याबाईंनी पाखडलेल्या तांदळाची रास, सूप, पाण्याची बादली, सगळं तुडवत गेला. आत्याबाई ओरडत त्याच्यामागं आणि मामा त्यांच्यामागं. मी मेढीपाशी गेले. होल्डर होता तिथं होता. बोल्ट हललेले नव्हते. कडी फिरवली, बांबूचं बुडखं एका हातानं अलगद बाहेर आलं.

तोच मग होडीला लावला. वल्ह्याच्या आड येणार नाही इतका मागं. रॉडला एक दोरी बांधून ती फळीला अडकवली, सुटलाच तर वाहून जाऊ नये म्हणून. आणि मामांशी भांडून रिळाचा ब्रेक सैल केला. ते भांडण सगळ्यात अवघड गेलं.

त्यानंतर बरेच मासे आले. मासा होडीत घेतला की मामा दांडक्यानं त्याच्या डोक्यात एकच घाव घालायचे. त्यांचा डावा हात त्यात तयार झाला. मी सुरुवातीला मान फिरवायची, नंतर फिरवेनाशी झाले.

पाणी उतरायच्या दिवसांत, भर सकाळी, आम्ही जुन्या पात्रावर होतो. मासा लागला आणि रिळानं असा सूर धरला की मामांच्या तोंडावर हसू आलं. इतका मोठा त्या वर्षात लागला नव्हता. होल्डर कुरकुरला नाही. मामा रीळ गुंडाळत होते, मासा परत सोडवून नेत होता. आणि पलीकडच्या कोंडीतून दणका आला. या वेळी दणक्यामागून किंकाळी आली. माणसाची होती, पण डुकराला भाला लागल्यावर ते ओरडतं तशी.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. काठावरून दोन माणसं वर पळताना दिसली. मोटारसायकली सुरू झाल्या. किंकाळी थांबली नव्हती.

"तंगूस कापू?" मी विचारलं.

मामांनी क्षणभर रॉडकडं पाहिलं. "ऱ्हाऊ दे. ह्यानं धरलंय. तू वल्ही मार."

मी वल्ही मारली. मासा मागं ओढत होता, रीळ मधूनच रडत होतं, होडी पुढं जात होती. कोंडीत शिरलो तेव्हा पाण्यावर मेलेल्या माशांची साय पसरली होती आणि मध्ये तो बसला होता. कानात बाळी. उजवा हात मनगटापाशी संपला होता. पुढं नुसत्या चिंध्या होत्या. तो डाव्या हातानं पाण्यात काहीतरी चाचपत होता. हात शोधत होता, हे मला दोनदा बघितल्यावर कळलं.

मामांनी त्याला ओळखलं. त्यांचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. त्यांनी दांडका उचलला होता, माशांसाठीचा. मी वल्ही सोडून दिली आणि म्हटलं, "मामा."

त्यांनी दांडका काखेत मारला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडं फेकला. "बांद. कोपराच्या वर."

मी बांधला. मामांनी गाठीत दांडका घातला आणि पिळला, एका हातानं, टोक दातात धरून. रक्त उडालं ते माझ्या तोंडावर, त्यांच्या मिशीवर. तो माणूस ओरडत होता, लाथा झाडत होता, एक लाथ माझ्या पोटात बसली. आम्ही त्याला ओढून होडीत घेतला. त्याचं डोकं काठाला लागलं होतं आणि त्याच्या कानाशेजारी रॉड धाडधाड हिसके खात होता. त्याचे डोळे फिरायला लागले तशी मामांनी त्याच्या थोबाडीत मारली. परत मारली. शुद्धीवर ठेवायला मारली की खांद्यासाठी मारली, हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारलंही नाही.

"झोपू नगं, भडव्या," मामा म्हणत होते. "माज्या होडीत मरायचं न्हाई. मरायचं आसंल तर वर जाऊन मर."

तो "आये, आये" करत होता.

उतारावरून त्याला रस्त्यावर न्यायला आत्याबाई आल्या, शेजारची दोन माणसं आली. टोमॅटो घेऊन चाललेली एक पिकअप थांबली, कॅरेट खाली उतरवून त्याला वर घातला. मामा सोबत गेले. दांडका त्यांनी घोडेगाव येईपर्यंत सोडला नाही, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तो वाचला.

मी परत पाण्यावर आले. होडी रक्तानं निसरडी झाली होती. रॉड होल्डरमध्ये उभा होता, अजून वाकलेला. मासा दमून बुडाशी बसला होता. मी कडी फिरवली नाही, तिथंच ठेवून एकटीनं रीळ गुंडाळलं. तो बाजूला आला तेव्हा माझ्या मांडीएवढा जाड होता, तोंड उघडत-मिटत होता. दांडका नव्हता, म्हणून मी वल्ह्याच्या बुडानं मारलं. एका घावात गेला असावा. मी बरेच घातले.

पोलिसांनी मामांचा जबाब घेतला तेव्हा मीही शेजारी बसले होते. त्या माणसाच्या घरचे दोघंजण आदल्या दिवशी येऊन हात जोडून गेले होते. आता बिचाऱ्याचा हात गेला, जुनं काढू नका म्हणाले. आत्याबाईंचंही तेच मत होतं. मामांनी सगळं सांगितलं. तोट्याचं सांगितलं, पळालेल्या दोघांचं सांगितलं आणि आपल्या खांद्याचंही सांगितलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाचवलात त्याला, आन वर केस पन घातलीत."

"वाचवला ते येगळं," मामा म्हणाले. "त्याचा हात गेला म्हनून माजा खांदा भरून आला का?"

केस चालू आहे. ज्या कोंडीत तोटे फुटले तिथं पुढं बराच काळ काही लागलं नाही. नुसता वास यायचा. आम्ही दुसऱ्या अंगाला, वरच्या खडकाकडं जायला लागलो. भावानं तसलेच दोन होल्डर स्वतः करून पाहिले. त्यातल्या एकाची कडी अडकते म्हणून मामांनी तो परत पाठवला, दुसरा डाव्या काठाला लावला. आता दोन रॉड लागतात आणि दोन्हीला एकदम मासा लागला की होडीत आमची भांडणं होतात, कुठला आधी घ्यायचा यावरून. परवा मी माझा आधी घेतला. मामा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.